सार्वजनिक स्नानजल : जीवाणुदूषण
अनेकजण एकत्र स्नान करतात अशा पाण्यात मानवी विष्ठेतील जीवाणूंचा शिरकाव होणे. बांधीव तरणतलावात पाणी गाळून, लिटरमागे सुमारे १ ते ३ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन राखून बंदोबस्त करता येतो. परंतु चंद्रपूरच्या महाकाली यात्रेस चैत्रात मराठवाड्यातून येणारे भाविक शहराचे सांडपाणी मिळालेल्या ज्या झरपट नदीत स्नान करतात, अथवा गडचिरोली जिल्ह्यातील मार्कंडा येथे महाशिवरात्रीस ज्या वैनगंगेत उतरतात, तेथे असा बंदोबस्त संभवत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार स्नानजलाच्या १०० मिलिलिटरमध्ये विष्ठाजन्य कोलिफॉर्मची संख्या ५०० पर्यंत इष्ट, २,५०० ही कमाल मर्यादा होय. हे जीवाणू बहुधा स्वतः निरुपद्रवीच; विषमज्वर, पटकी, अतिसार यांच्या जंतूंच्या संभाव्य अस्तित्वाची वर्दी मात्र ते देतात.