वाडा, बिऱ्हाडं आणि दरवर्षीची नोटीस

पावसाळा तोंडावर आला की अमरावतीच्या परकोटात आणि अकोल्याच्या जुन्या शहरात पडक्या वाड्यांना महापालिकेच्या नोटिसा लागतात. चार दिवस चर्चा होते, मग सगळं थंड. पण ३० ऑक्टोबर २०२२ ला प्रभात टॉकीजजवळ इमारत कोसळून पाच माणसं गेली, हे विसरून चालणार नाही. तो वाडा नव्हता, दुकानांची जुनी इमारत होती. धडा मात्र वाड्यांनाही लागू आहे.

हे वाडे भाड्याचे झाले कसे? पेंढाऱ्यांच्या भीतीनं निजाम सरकारनं १८०७ मध्ये अमरावतीचा परकोट बांधायला घेतला. पाच दरवाजे, चार खिडक्या. आत सावकार आणि कापसाचे व्यापारी. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे वऱ्हाडी कापसाला भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत गेली, १८७१ मध्ये बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा आला. पैसा आला, माड्या चढल्या. पाठोपाठ कचेऱ्या, शाळा, जिनिंग-प्रेसिंग. कारकून, मास्तर, वकील राहणार कुठं? एका कुटुंबाच्या वाड्यात मग कुठं आठ, कुठं दहा बिऱ्हाडं झाली. चौक एक, नळ एक, संडास एक.

या बांधणीत भार पेलतात सागवानी खांब आणि तुळया. मधे मातीच्या जाड भिंती, वर धाबं. चौकातून उजेड आणि वारा, म्हणून उन्हाळ्यातही आत गारवा. पण धाब्यावर दरसाल माती टाकावीच लागते. दोन-चार वर्षं हात लावला नाही की पाणी मुरतं, खांबाचं बूड कुजतं. वरून सिमेंटचा गिलावा केला तर ओल आतच कोंडते.

डागडुजी थांबली कारण हिशेब जुळेना. १९४९ च्या सी.पी. अँड बेरार भाडेनियंत्रण आदेशानं घरमालकाला भाडेकरू काढायचा तर आधी रेंट कंट्रोलरची परवानगी लागायची. भाडेकरूला आधार मिळाला, भाडी मात्र गोठली. ३१ मार्च २००० पासून नवा कायदा आला. त्यात वर्षाला चार टक्के वाढ. महिना ५० रुपये भाडं असेल तर वाढ दोन रुपये! मालक दुरुस्ती करत नसेल तर नोटीस देऊन भाडेकरूनं करावी आणि भाड्यातून वळती करावी, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. म्हणजे दीडशे रुपये. त्यात सिमेंटची एक गोणीही येत नाही.

म्हणून मालक वाडा पडायची वाट पाहतो आणि भाडेकरू हक्क जाईल या भीतीनं जीव मुठीत धरून राहतो. खरं तर इमारत पडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये स्पष्ट केलंय. हे किती बिऱ्हाडांना माहीत आहे?

महापालिकेनं नुसती नोटीस चिकटवू नये. प्रत्येक बिऱ्हाडाची जागा मोजावी, यादी करावी, सही-शिक्क्याची प्रत मालक आणि भाडेकरू दोघांनाही द्यावी. हातात कागद असला तर माणूस वेळेवर बाहेर पडेल. आणि जो वाडा अजून सावरता येतो, तिथं खांब तपासून दुरुस्तीची परवानगी लवकर द्यावी.

तोवर भाडेपावत्या आणि वीजबिलं जपून ठेवा, मंडळी. आपल्या प्रभागात अशी यादी झाली का, हे नगरसेवकाला पावसाळ्याआधी विचारा.