फक्त नशेतच ओळखणारा मित्र

३० जानेवारी १९३१ची संध्याकाळ. लॉस एंजेलिसच्या ब्रॉडवेवर तुम्ही गर्दीत अडकला आहात. आज इथल्या नव्याकोऱ्या लॉस एंजेलिस थिएटरचं उद्घाटन आहे, चार्ली चॅप्लिनच्या 'सिटी लाइट्स'ने. वॉल स्ट्रीट कोसळून सव्वा वर्ष झालंय, देशभर बेकारांच्या रांगा लागल्यात. तुम्ही पाऊल ठेवता ते मात्र झुंबरांखाली.

चॅप्लिन स्वतः प्रेक्षकांत आहे, त्याच्यासोबत पाहुणे आल्बर्ट आइनस्टाइन. अंधार होतो. सगळं हॉलिवूड बोलपटांकडे वळलेलं असताना हा माणूस मूकपट घेऊन आलाय. संगीत तेवढं आहे, तेही बहुतेक त्यानेच रचलेलं. (अजून दीड महिन्याने गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागेल आणि आपल्याकडचा पडदाही बोलू लागेल.)

पडद्यावर पुतळ्याचं अनावरण चाललंय. मान्यवर भाषणाला उभे राहतात आणि त्यांच्या तोंडून नुसती पिपाणीसारखी चिरचिर येते. कापड वर जातं, तर पुतळ्याच्या मांडीवर चॅप्लिनचा भणंग झोपलेला! तुमच्या आजूबाजूचे फरकोट खदखदून हसतात.

मग एक श्रीमंत येतो. दारूच्या नशेत जीव द्यायला निघालेला असतो, भणंग त्याला वाचवतो. रात्री तो याला मिठ्या मारतो, स्वतःची मोटार देऊन टाकतो. सकाळी शुद्धीवर आला की याला ओळखतही नाही, नोकराकरवी हाकलतो. माणुसकी नशेबरोबर चढते आणि नशेबरोबरच उतरते. गरीब-श्रीमंतांतल्या नात्याचं इतकं नेमकं निदान मी दुसऱ्या कुठल्या विनोदी चित्रपटात पाहिलेलं नाही.

आता नीट बघा. भणंग त्या आलिशान मोटारीतून एका सिगार ओढणाऱ्याच्या मागे मागे चाललाय. थोटूक फुटपाथवर पडतं. दुसरा एक भिकारी ते उचलायला वाकतो, तोच हा मोटारीतून उडी मारून त्याला ढकलतो, थोटूक पटकावतो आणि मोटारीत बसून निघून जातो. भिकारी थक्क होऊन पाहत राहतो. मोटार मिळाली, खिसा रिकामाच. असा प्रसंग भूक सोसलेल्यालाच सुचतो. वयाच्या सातव्या वर्षी चॅप्लिन लंडनमधल्या लॅम्बेथच्या वर्कहाउसमध्ये, कंगालांच्या त्या आश्रयगृहात, राहिला होता.

तीन रिळांनंतर अचानक दिवे लागतात. कर्ण्यातून आवाज येतो: या सुंदर थिएटरची शोभा पाहा! प्रेक्षक संतापून हुर्यो करतात, आणि तुम्हीही करा. पडद्यावरच्या उपाशी माणसाला थांबवून झुंबरं दाखवायची?

चित्रपट पुन्हा सुरू होतो. आंधळ्या फूलवालीने मोटारीच्या दाराचा आवाज ऐकून भणंगालाच श्रीमंत समजलेलं असतं. आता त्याच्याच मदतीने तिला दृष्टी आली आहे, स्वतःचं दुकान आहे, आणि दारातल्या फाटक्या माणसाला पाहून ती हसते. दया येऊन त्याच्या हातात नाणं ठेवते, आणि तो हात ओळखते. तिकडे आइनस्टाइन डोळे पुसतायत. श्रीमंताला जे शुद्धीत जमलं नाही, ते हिच्या बोटांना जमलं.

हा चित्रपट ८७ मिनिटांचा आहे, संवादांच्या पाट्याही मोजक्याच आहेत. घरातल्या मुलांना शेजारी घेऊन, त्या पाट्या मराठीत सांगत, एकदा जरूर पाहा.