मणक्यातल्या इम्प्लांटला इन्फेक्शन झालं तर अँटिबायोटिक्स इतके आठवडे का घ्यावे लागतात?

मणक्याच्या ऑपरेशनमध्ये बसवलेले स्क्रू आणि रॉड बहुतेक वेळा टायटॅनियमचे असतात. हा धातू शरीराला चालतो, पण त्याला रक्तपुरवठा नसतो. त्यामुळे तिथे बॅक्टेरिया पोचले, तर त्यांना गाठणं पांढऱ्या पेशींना आणि औषधाला दोघांनाही जड जातं.

बायोफिल्म म्हणजे काय?

धातूवर बसलेले बॅक्टेरिया स्वतःभोवती चिकट थर तयार करतात, तो बायोफिल्म. पाण्याच्या टाकीत आतून हात फिरवला की बुळबुळीत लागतं ना, तोही बायोफिल्मच! थराच्या आतले बरेच बॅक्टेरिया जणू स्लीप मोडमध्ये असतात. बरीचशी अँटिबायोटिक्स वाढणाऱ्या बॅक्टेरियावर चालतात, म्हणून हे झोपलेले वाचतात.

उपचार कसे होतात?

1. आधी सफाई : नुसत्या गोळ्यांनी सहसा भागत नाही. सर्जन जखम उघडून खराब भाग काढतात, धुतात आणि तिथले नमुने कल्चर टेस्टला पाठवतात. कोणता बॅक्टेरिया आहे, यावर औषध ठरतं.

2. इम्प्लांट ठेवायचं की काढायचं? इन्फेक्शन पहिल्या काही आठवड्यांत झालं, तर इम्प्लांट शक्यतो ठेवतात, कारण हाड जुळण्याआधी काढलं तर मणका अस्थिर होऊ शकतो. उशिरा झालं आणि हाड जुळलेलं असेल, तर काढता येतं.

3. औषध : सुरुवातीला सलाईनमधून, मग गोळ्या. इम्प्लांट आत असेल तर कोर्स अनेकदा 12 आठवड्यांपर्यंत चालतो. गोळ्या म्हणजे कमी दर्जाचा उपचार, असं नाही. 2019 मध्ये ब्रिटनमधला ओव्हिवा नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हाडं आणि सांध्यांच्या इन्फेक्शनचे 1,054 पेशंट होते. पहिल्या सहा आठवड्यांत योग्य निवडलेल्या गोळ्या शिरेतल्या औषधापेक्षा कमी पडल्या नाहीत.

बॅक्टेरिया स्टॅफिलोकॉकस असेल, तर रिफॅम्पिसिनही देतात. आपल्याकडे टीबीसाठी ओळखीचं असलेलं हे औषध बायोफिल्ममध्येही काम करतं. पण ते एकटं कधीच देत नाहीत, कारण रेझिस्टन्स पटकन येतो. त्याने लघवी नारिंगी होते, घाबरू नका. गर्भनिरोधक गोळ्या आणि रक्त पातळ करणाऱ्या काही औषधांचा परिणाम मात्र ते कमी करतं, म्हणून चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना सांगा.

कधी सावध व्हायचं?

जखमेतून पाणी किंवा पू येणं, ताप, कमी झालेली पाठदुखी पुन्हा वाढणं, ही लक्षणं दिसली तर सर्जनला दाखवा. पायात अशक्तपणा आला किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर लगेच हॉस्पिटल गाठा. त्वचेवरच्या क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेससारख्या बॅक्टेरियाचं इन्फेक्शन कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनीही उघड होतं आणि त्यात ताप नसूही शकतो.

दहाव्या दिवशी ताप गेला, भूक लागली, म्हणून गोळ्या बंद करू नका. बरं वाटणं म्हणजे मोकळे फिरणारे बॅक्टेरिया कमी झाले, एवढंच. धातूवरचे अजून शिल्लक असू शकतात. कोर्स कधी थांबवायचा, हे डॉक्टर रक्ताच्या तपासण्या आणि जखम पाहून ठरवतात.