व्हॅक्यूम पाईप

मी मराठी माध्यमात बी.ए. झालेला मास्तर, इंजिन हा माझा विषय नव्हे. पण नगरमध्ये राहून गाड्यांपासून सुटका नाही. लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई १९४७ साली चकलाल्याहून इथे आली, लुना इथे बनली आणि माझे काही विद्यार्थी गॅरेजवाले झाले. 'व्हॅक्यूम पाईप' हा शब्द मी त्यांच्याच तोंडून ऐकला.

इंजिनात हवा जाते त्या मॅनिफोल्डपासून दाब मोजणाऱ्या सेन्सरपर्यंत जाणारी ही बारीक रबरी नळी. व्हॅक्यूम म्हणजे पोकळी. टर्बो तर हवा कोंबतो, मग पोकळी कुठली?

नाव जुन्या काळचे आहे. साधे इंजिन हवा ओढून घेते. अँबॅसिडरमध्ये त्या ओढीने एक पडदा हलायचा आणि ठिणगीची वेळ मागेपुढे व्हायची. १९६७ साली बॉशने हाच दाब मोजून पेट्रोल सोडणारी डी-जेट्रॉनिक यंत्रणा फोक्सवॅगनच्या गाडीत आणली. डी म्हणजे ड्रुक, जर्मनमध्ये दाब. टर्बोचे पेटंट मात्र स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीने १९०५ सालीच घेतले होते! दोन्ही एका गाडीत आले आणि नळीचे काम बदलले. गाडी उभी असताना तिच्यात ओढ, पाय दाबला की दाब.

ओढ असते तेव्हा नळी तोटीला चिकटून बसते. दाब तिला ढकलून काढतो, म्हणून क्लिप हवीच. नळी टर्बोच्या तापापासून लांब न्यायची, कुठे दुमडू द्यायची नाही, शक्य तितकी आखूड ठेवायची. सेन्सर तोटीपेक्षा वर हवा आणि मधे झोळ नको, नाहीतर तेलाची वाफ आणि पाणी तिथे साचते. तिला दुसऱ्या कामाचा फाटाही फोडू नये.

नळी चिरली तर पेट्रोल गाडीत सेन्सर दाब कमी सांगतो. हवा भरपूर आणि पेट्रोल तोकडे, अशाने पिस्टन वितळू शकतो. जुन्या टर्बो डिझेल ट्रकमध्ये सेन्सर नव्हता, अशीच नळी थेट डिझेल पंपाच्या पडद्याला जायची. ती फुटली की पंप डिझेल आखडता घेई आणि भरलेला ट्रक चंदनापुरीच्या घाटात रडायचा. ड्रायव्हर म्हणणार, टर्बो गेला! थोडक्या रुपयांच्या नळीपायी टर्बो उघडला जायचा.

आता बऱ्याच गाड्यांत सेन्सर मॅनिफोल्डवरच बसतो, नळीच नाही. तरी गाडी ओढत नसली की गॅरेजवाला पोराला आधी सांगतो, "व्हॅक्यूम बघ रे."