दहावा थर

रविवार, 10 ऑगस्ट 2025, रात्र. दहिसरच्या केतकीपाड्यात दहीहंडीच्या मानवी थरांचा सराव चाललाय. वर चढवलेला 11 वर्षांचा मुलगा खाली पडतो आणि दगावतो. 14 वर्षांखालच्या मुलांना थरावर चढवायला बंदी आहे.

शनिवार, 16 ऑगस्ट, दहीहंडीचा दिवस, पहाटे पावणेतीनच्या सुमारास. विक्रोळी पार्कसाइटला दरड कोसळून दोघांचा बळी जातो. मुंबईत पावसाचा रेड अलर्ट. तरी हंड्या ठरल्याप्रमाणे बांधल्या जातात.

सकाळ. पथकांचे ट्रक निघतात. आमच्या विदर्भात या सणाला कान्होबा बसवतात आणि काल्याचा प्रसाद वाटतात. कोरपन्यातून टीव्हीवर ही मुंबई बघताना सण कुठला आणि जाहिरात कुठली, कळेनासं होतं. 2014 साली उच्च न्यायालयाने थरांना 20 फुटांची आणि ते रचणाऱ्या गोविंदांना किमान 18 वर्षांची मर्यादा घातली होती. 2017 साली उंचीची अट गेली, वय 14 वर आलं. 2022 साली सरकारने दहीहंडीला साहसी खेळ ठरवलं. 2025 साली दीड लाख गोविंदांचा विमा उतरवला. मृत्यू झाला तर 10 लाख. माणसं पडणार, हे सरकारने आधीच धरलेलं आहे.

दुपार, ठाणे. 2012 साली जय जवान पथकाने इथेच नऊ थरांचा, 43.79 फुटांचा विश्वविक्रम केला होता. आज जोगेश्वरीचं कोकणनगर पथक दहावा थर लावतं. बक्षीस 25 लाख. त्या पोरांची जिद्द खरी आहे, वर्षभराची मेहनतही खरी. पण ओल्या खांद्यावरून एक पाय सटकला की वरचे सगळे खालच्यांच्या मानेवर, पाठीवर येतात. आयोजक थरागणिक रक्कम वाढवत नेतात, म्हणून मुलं झेपेल त्यापेक्षा एक थर वर जातात. बक्षिसाचं हे गणित मोडायला हवं, आणि ते कायद्यानेच मोडेल.

दुपारी 3. मानखुर्दला हंडीची दोरी बांधताना 32 वर्षांचा तरुण पडून मरण पावतो. तोवर मुंबईत जखमी 30.

संध्याकाळ. रुग्णालयांत गोविंदा येतच राहतात. स्टेजवर गाणी सुरू.

रात्र. अंधेरीच्या पथकासोबत आलेला, आजारी असलेला 14 वर्षांचा मुलगा टेम्पोत बेशुद्ध पडून दगावतो. दहीहंडीच्या दिवशीचे मृत 2.

रविवार, 17 ऑगस्ट. जखमींचा आकडा 300 च्या वर. बहुतेकांना घरी सोडलंय, काही जण अजून खाटेवर आहेत.