मिश्र संकेतार्थी वाक्य (इंग्रजी व्याकरण)

इंग्रजीत ज्या संकेतार्थी वाक्यातील अट एका काळातील व तिचा परिणाम दुसऱ्या काळातील असतो, त्यास '''मिश्र संकेतार्थी वाक्य''' म्हणतात. मराठी व्याकरणातील केवल, मिश्र व संयुक्त या वाक्यप्रकारांशी या नावाची गल्लत करू नये. येथे मिश्रण काळांचे आहे.

'''भूतकाळातील अट, वर्तमानातील परिणाम'''

हा प्रकार अधिक आढळतो. अटीत ‘हॅड’ व क्रियापदाचे तिसरे रूप, तर परिणामात ‘वुड’ व मूळ रूप येते. महाडजवळील सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि मुंबईकडे निघालेल्या दोन एस.टी. बस वाहून गेल्या. त्याविषयी ‘इफ द ब्रिज हॅड नॉट कोलॅप्स्ड, दोज पॅसेंजर्स वुड बी अलाइव्ह टुडे’ असे म्हटले, तर हानी आजही कायम असल्याचे कळते. ‘दे वुड हॅव रीच्ड मुंबई’ असा शेवट केल्यास वाक्य मिश्र राहत नाही; ते त्या प्रवासापुरतेच बोलते.

'''कायम अट, भूतकाळातील परिणाम'''

येथे अटीत साधा भूतकाळ किंवा ‘वेअर’, आणि परिणामात ‘वुड हॅव’ व तिसरे रूप येते. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे जाणाऱ्या आंबेनळी घाटाबाबत ‘इफ द घाट रोड वेअर वाइडर, वुई वुड हॅव रीच्ड इन टाइम यस्टरडे’ असे म्हणता येईल. रस्ता आजही अरुंद आहे, उशीर मात्र काल झाला. येथे ‘हॅड बीन’ वापरल्यास रस्ता काल अरुंद होता एवढेच कळते, आजचे नाही.

'''मराठीभाषकांची अडचण'''

‘पूल पडला नसता, तर ते आज जिवंत असते’ या मराठी वाक्यात दोन्ही उपवाक्ये संकेतार्थी रूपानेच संपतात. त्याच वळणाने विद्यार्थी ‘इफ’नंतरही ‘वुड हॅव’ लिहितात. प्रमाण लेखनात ही चूक मानली जाते. शिवाय मराठी ‘असते’ मुख्य क्रियापद म्हणूनही येते (‘जिवंत असते’) आणि साहाय्यक म्हणूनही (‘पोहोचले असते’). पहिल्यासाठी ‘वुड बी’, दुसऱ्यासाठी ‘वुड हॅव रीच्ड’. जर-तरच्या मराठी वाक्यात ‘आज’, ‘अजून’, ‘काल’ हे शब्द घालून पाहिले, की इंग्रजी रूप बहुधा आपोआप ठरते. सूत्र पाठ करण्यापेक्षा हे सोपे.

औपचारिक लेखनात ‘इफ’ गाळून ‘हॅड द ब्रिज नॉट कोलॅप्स्ड’ अशी सुरुवातही करतात. अट आधी आल्यास तिच्यानंतर स्वल्पविराम देतात; परिणाम आधी आल्यास सहसा देत नाहीत.