शुभंकर
आजारी, अपंग वा मनोरुग्ण आप्ताची विनावेतन काळजी घेणारी व्यक्ती. घरोघरी ही बहुधा आई, पत्नी किंवा सून असते. ही संज्ञा मानसिक आरोग्याच्या चळवळीत रुळली. तेथे रुग्णाला शुभार्थी म्हणतात. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठाचे प्राध्यापक डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्या अनुभवातून त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. तेथील स्वमदत गटांत शुभंकरांना आपला थकवा, चिडचिड आणि ‘माझ्यानंतर याचे कोण?’ हा प्रश्न मोकळेपणाने मांडता येतो. भावाला सांभाळणाऱ्या बहिणीची ओढाताण ‘देवराई’ (२००४) या चित्रपटाने दाखवली.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मोबदल्याविना काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांनाही काळजीवाहक मानतो. मात्र त्यातील काळजीवाहक भत्ता अधिक आधाराची गरज असलेल्या दिव्यांगाच्या नावे असून, त्याची योजना सरकारने ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ करायची आहे. पळवाट म्हणावी इतकी ही अट सैल आहे.

इगतपुरीसारख्या तालुक्यात अडचण अंतराचीही आहे. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात जायचे तर कसारा घाट उतरावा लागतो, आणि रुग्णासोबत जाणाऱ्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो.